खराडेकाकांचा सायलेन्सर

बदली होऊन बंगालमध्ये, बेहालाच्या या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तर खालच्या गॅरेजमधून आवाज आला. "घुम्म्म... घर्रर्रर्र... ढुप्." मग थोडी शांतता. मग पुन्हा, जरा वरच्या पट्टीत, "हुंम्म्म... र्रर्रर्र." मला वाटलं, कुणाला तरी फिट आली. हातातला टॉवेल तसाच टाकून मी खाली पळाले. बघते तर काय, करड्या रंगाच्या एका लांबलचक गाडीत काचा वर करून, डोळे मिटून, सत्तरीचे एक गृहस्थ बसलेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद, आणि इंजिनाचा आवाज तोंडाने चाललेला.

मी काचेवर टकटक केलं. त्यांनी डोळे उघडले, काच खाली घेतली, माझ्या मंगळसूत्राकडे एक नजर टाकली आणि सरळ मराठीतच विचारलं, "कोणता बरा वाटला? पहिला की दुसरा?"

"काय कोणता?"

"सायलेन्सर."

खराडेकाकांची आणि माझी ओळख झाली ती अशी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माणूस जिवंत आहे हे बघून मी वर आले आणि नवऱ्याला म्हटलं, "श्रीरंग, बँकेला सांग, बदली रद्द करा. खाली वेडा राहतो."

वेडे नव्हते हो. म्हणजे होते, पण साधे वेडे नव्हते. काका मूळचे कोल्हापूरचे. इथल्या एका सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत तरुणपणी आले आणि तिथूनच रिटायर झाले. इकडचे मराठी अधिकारी रिटायर झाले की महिन्याभरात सामान बांधून पुण्याला पळतात. काका गेले नाहीत. "परत जायचं म्हणजे कुठे जायचं वहिनी?" असं मलाच विचारायचे, जणू मला ठाऊक असावं. मालतीकाकू आम्ही येण्याच्या आधीच गेल्या होत्या. एकुलता एक मुलगा अभिजित कॅनडात. घरात काका एकटे, आणि खाली गॅरेजमध्ये ती गाडी.

गाडी परदेशी. कंपनीच्या कुठल्याशा बड्या साहेबांची, ती लिलावात निघाली आणि काकांनी उचलली. तिची खासियत अशी की तिला सुपरचार्जर होता. हे समजल्यावर माझ्या नवऱ्याचा चेहरा असा उजळला की लग्नात माझ्याकडे बघताना उजळला नसेल. "अनघा, सुपरचार्जर आहे!" मी म्हटलं, मोबाईलचा का? त्यावर दोघांनी माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं ना, ती मी अजून विसरलेले नाही.

मग काकांनी मला समजावून सांगितलं. "साधं इंजिन लागेल तेवढी हवा स्वतः ओढून घेतं. सुपरचार्जर म्हणजे पंगतीत आग्रह करणारी आत्या. इंजिन नको नको म्हणतंय आणि ही आणखी हवा कोंबतेय. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. आता मला सांगा, एवढं आत गेल्यावर बाहेर पडायला वाट नको?" म्हणून आत घेणारा एअर फिल्टर आणि बाहेर सोडणारा सायलेन्सर, दोन्ही त्या तोलामोलाचे पाहिजेत. जुना सायलेन्सर गंजून एके दिवशी गळून पडला होता. फिल्टर काकांनी 'आता नवाच घेऊ' म्हणून स्वतःच्या हातानं काढून ठेवला होता. तेव्हापासून गाडीला ना नाक, ना शेपूट. नवं काय घ्यायचं ते ठरत नव्हतं, म्हणून ती जागची हलत नव्हती.

"आत किती, बाहेर किती?" हा काकांचा जगाला विचारायचा प्रश्न. माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आधी एक्झॉस्ट फॅनकडे बघायचे आणि मग खिडकीकडे. "फॅन चांगला आहे, पण आत हवाच येत नाही. बाहेर काय टाकणार तो बिचारा?" सियालदह स्टेशनाबद्दल त्यांचं मत असं की इनटेक उत्तम, एक्झॉस्ट तुंबलेला. दुर्गापूजेच्या खरेदीला एस्प्लनेडच्या बाजारात गेलो तेव्हा फुटपाथवर आम्ही अक्षरशः चेंगरत होतो, आणि हे गृहस्थ त्या गर्दीत मान वर करून सांगत होते, "बघा, दोन्ही टोकांनी आत घेतायत. बाहेर काढायचा विचारच केला नाही कुणी." मी म्हटलं, काका, आधी आपण बाहेर पडू या.

बरं, एवढा विचार करणाऱ्या माणसानं एक निर्णय घ्यावा की नाही? नाव नको. फिल्टर कापडी घ्यावा तर इथल्या दमट हवेचं काय, कागदी घ्यावा तर ताकदीचं काय. गार हवा जास्त दाट असते म्हणून फिल्टर इंजिनाच्या धगीपासून लांब, खाली बंपरमागे बसवायचा असतो म्हणे. ते जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात आमच्या गल्लीत नेहमीप्रमाणे गुडघाभर पाणी साचलं आणि काका माझ्या दारात येऊन म्हणाले, "वाचलो वहिनी! आज गाडी बाहेर असती तर नाकानं पाणी प्यायली असती. इंजिन खलास." एवढा आनंद त्यांना फिल्टर मिळाल्यावरही झाला नसता.

सायलेन्सरची तर तऱ्हाच निराळी. जाड पाइपचा घ्यावा की मध्यम, ते कागदावरून कळत नाही, आवाजावरून कळतं, असं काकांचं म्हणणं. म्हणून ते मोबाईलवर आवाज ऐकायचे, पाठ करायचे आणि सकाळी गाडीत बसून तोंडाने वाजवून बघायचे. आमच्या कोपऱ्यावरचे मिस्त्री बापीदा बॉनेटला टेकून ते मन लावून ऐकायचे. "ना खराडेदा, ये वाला बहुत दुखी है," असं काहीतरी मत द्यायचे. आणि मी वरून ओरडायची, "काका, ठरवा हो एकदाचं!" की खालून ठरलेलं उत्तर, "घाई काय आहे?"

पण एक सांगते. एकदा दुपारी भाजी घेऊन परतत होते. माहेरी भावाकडे मुंज होती आणि आम्हाला जायला जमलं नव्हतं, त्यामुळे माझं तोंड उतरलेलं. काका गाडीतच होते. त्यांनी विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

"वाई."

"मग बसा मागे. सोडतो."

मी हसत हसत बसले. भाजीची पिशवी मांडीवर. काकांनी डोळे मिटले. घुम्म्म... पहिला गिअर, दुसरा, तिसरा. मध्येच एक बारीक शीळ, ती म्हणे सुपरचार्जरची. "हायवे सोडला बघा. सुरूर फाटा आला. दोन्ही बाजूंनी वडाची झाडं. हळू घेतो, ऊन-सावलीत समोरचं दिसत नाही." माझेही डोळे कधी मिटले कळलंच नाही. "काच खाली करा आता, नदीचा वारा येईल." मी काच खाली केली. खरं म्हणजे आत आला तो बापीदांच्या ग्रीसचा आणि कुणाच्या तरी घरच्या मोहरीच्या तेलातल्या माशाचा वास. पण मला विचाराल तर मला घाटावरच्या ओल्या दगडांचा वास आला. देवळाची घंटाही ऐकू आली. ढुप्. "उतरा. आलं तुमचं घर."

मी उतरले ती डोळे पुसतच. कोण रडवायला सांगितलं होतं या माणसाला? त्या दिवसापासून मी त्यांना वेडं म्हणणं बंद केलं. रोज कुठे कुठे जाऊन यायचे ते. कधी राधानगरी, कधी गगनबावडा, कधी नुसतंच इथलं जवळचं डायमंड हार्बर. चहा घेऊन खाली गेलं की सांगायचे, "आत्ताच आलो. घाटात धुकं होतं फार."

हे सगळं जन्मभर चाललं असतं. पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी काढली नोटीस. गॅरेजमध्ये जागा फक्त चालू गाडीला. महालयापर्यंत, म्हणजे सर्वपित्री अमावास्येपर्यंत, गाडी चालू झाली नाही, प्रदूषणाचं सर्टिफिकेट दाखवलं नाही, तर गाडी भंगारवाल्याला बोलावून उचलायची आणि तिथे आपल्या पाड्याच्या, म्हणजे गल्लीच्या, पूजेच्या मांडवाचे बांबू ठेवायचे. काका नोटीस वाचून म्हणाले, "हं." बस, एवढंच.

मी मात्र पेटले. सेक्रेटरींच्या बायकोकडे वाडगाभर साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. बोलणी करावीत, सवलत मागावी, असा बेत. इकडे साबुदाणा आजारी माणसाला देतात, त्यामुळे तिनं आधी घाबरून विचारलं, घरात कोण आजारी आहे? तो घोळ निस्तरून मी परत आले, ते हात हलवत. मुदत काही वाढली नाही. मी काकांना निक्षून सांगितलं, "काका, ही गाडी गेली तर तुम्ही काय कराल? ठरवा आता." त्यांनी मान डोलावली.

आणि खरंच, कॅनडाहून अभिजितनं भलंमोठं खोकं पाठवलं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. तिकडे शनिवारची रात्र. काका गाडीपाशीच वेताचा मोढा टाकून बसायचे, फोन स्पीकरवर, आणि बापलेकांचं वर माझ्या बाल्कनीपर्यंत सगळं ऐकू यायचं. अभिजित इथेच वाढलेला, त्याचं मराठी निम्मं बंगाली. "बाबा, चहा खाल्ला?" असं विचारायचा. मग लगेच पाइपची जाडी, फिल्टरचं तोंड, वाकवायचं कुठे. मध्यंतरी त्यानं काकांना गाडीखाली आडवं झोपवून, फोन छातीवर ठेवून, टेपनं सगळी मापं घ्यायला लावली होती. त्या मापांवर बनवून घेतलेला सायलेन्सर त्या खोक्यात होता. शिवाय फिल्टरची एक नळी. ती खाली बंपरकडे न जाता वर बॉनेटच्या कडेला जात होती, म्हणजे गार हवाही मिळेल आणि बेहालाचं पाणीही नाकात जाणार नाही. पोरगं हुशार हो!

बापीदांनी शनिवारी दोन्ही बसवलं. मी स्वतः खाली उभी होते. नळी चपखल बसली. सायलेन्सर तर असा बसला की बापीदांनी गाडीखालूनच हात बाहेर काढून अंगठा दाखवला. काकांनी वाकून बघितलं, पाइपवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काढा."

"की बोलछेन?" बापीदा गाडीखालून सरपटत बाहेर आले.

"काढा म्हणतो ना. सगळं काढा."

रविवारी मी बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होते. खाली काका फोनवर सांगत होते, "नाही रे बसत. थोडक्यात चुकलं. पाइपचा बाक जमला नाही."  मग अभिजित म्हणाला, "अच्छा? ठीक आहे बाबा. दुसरा बघू मग." आणि पुन्हा सुरू! हा घ्यावा का, तो घ्यावा का. चांगला तासभर.

मी तांब्या तसाच ठेवून तरातरा खाली गेले. फोन संपायची वाट बघितली आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "काका, लाज वाटत नाही खोटं बोलायला? पोरानं एवढं करून पाठवलं. डोळ्यांदेखत बसला होता. महालया तोंडावर आलाय, ते भंगारवाले येऊन उचलून नेतील, मग बसा तोंडाने आवाज काढत मोढ्यावर!"

काका फडक्यानं गाडीचा आरसा पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता. मग म्हणाले, "वहिनी, मालती होती ना, तेव्हा फोन ती घ्यायची. मी पेपर वाचत बसायचो. ती तिकडून विचारायची, अभि विचारतोय, पाठ कशी आहे? मी सांगायचो, बरी आहे म्हणावं. ती सांगायची. असंच चालायचं आमचं. मी त्याच्याशी थेट असा कधी बोललोच नाही. मग ती गेली आणि फोन माझ्या हातात आला."

मी बॉनेटला टेकले.

"पहिल्यांदा त्यानं विचारलं, जेवलात? मी म्हटलं, हो. तू? तो म्हणाला, हो. मग दोघंही गप्प. नुसता त्याचा श्वास ऐकू यायचा. ठेवू का, म्हणाला. ठेव म्हटलं. असे कितीतरी रविवार गेले. मग एकदा हा सायलेन्सर गळून पडला. मी सहज सांगितलं त्याला. तर पोरगं बोलायला लागलं हो! तासभर बोललं." त्यांनी फडकं झटकलं. "आता बसला म्हणून सांगितलं, की मग काय बोलू मी त्याच्याशी?"

 मला त्यांचा रागच आला. एवढं सगळं आत कोंडून ठेवतं का कुणी? मी शेवटी म्हटलं, "काका, गाडी गेली तर बोलायला तीही उरणार नाही. बसवा ते. बोलायचं काय ते मी बघते."

आता मी काय बघणार होते, कप्पाळ! आठवडाभर मी त्यांना बोलायला शिकवलं. म्हटलं, हवा विचारा, तिकडे थंडी पडली का. स्वयंपाक काय करतो विचारा. मी अभिजित व्हायचे आणि ते काका. "थंडी पडली का?" "हो, पडली." "बरं." संपलं! श्रीरंग आतून हसायचा. मी त्याच्यावर खेकसायची.

इकडे बापीदांनी दोन्ही पुन्हा बसवलं. किल्ली फिरवली आणि गाडी बोलली. अगदी हळू, खर्जातला आवाज, आणि त्याच्यावर ती बारीक शीळ. काकांनी तोंडाने वाजवलेल्या आवाजांपैकी एकही तसा नव्हता. सर्टिफिकेट मिळालं. सेक्रेटरींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि बांबू दुसरीकडे ठेवायला सांगितले. काकांनी आम्हा दोघांना गाडीत बसवून बेहालाच्या मेट्रोच्या पुलाखालून एक फेरी मारून आणली. सगळ्या रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत. तोंडाने आवाजही काढला नाही.

रविवारी मी मुद्दाम चहा घेऊन खाली गेले. धीर द्यायला. काका मोढ्यावर, इस्त्रीचा शर्ट घालून. फोन वाजला.

"बाबा, चहा खाल्ला?"

"अभि, बसला तो."

"काय बसला?"

"सायलेन्सर. नळी पण. दोन्ही. गाडी चालू झाली."

"हो. मला माहीत होतं, बसणार. मापं मी तीन वेळा चेक केली होती ना."

काकांनी कप माझ्या हातात दिला. "मग मागच्या रविवारी बोलला का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणालात," अभिजित थांबत थांबत म्हणाला, शब्द शोधत. "मग मला पण बरं लागलं. म्हटलं, पुढच्या रविवारी पण फोन होणार."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी गाडीच्या नंबरप्लेटकडे बघायला लागले. फोनमधून काही येईना, इकडून काही जाईना. मी त्यांना खुणेनं सांगितलं, थंडी! थंडी विचारा! त्यांचे ओठ नुसते हलत होते. ठेवू का, असं तो आता म्हणणार, आणि हे ठेव म्हणणार, असं मला वाटलं.

"बाबा," अभिजित म्हणाला, "आवाज कसा आहे?"

काका ताडकन उठले. "थांब, थांब. चालू करून ऐकवतो." किल्ली काढायला खिशात हात घातला.

"गाडी नको. तुम्ही करा ना."

"काय करू?"

"आवाज. शाळेत सोडायला जाताना करायचे तसा. खांद्यावर घेऊन. आपल्याकडे गाडी नव्हती, तेव्हाचा."

काकांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि डोळे मिटले असावेत. "घुम्म्म..." आवाज मध्येच फाटला. त्यांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली. "घुम्म्म... घर्रर्रर्र..." पहिला गिअर, दुसरा. तिसरा पडायच्या आधीच फोनमधून, पार तिकडून, एका बाप्या माणसाच्या आवाजात आलं, "पीं पीं! बाबा, जोरात! स्कूलची घंटा झाली!"

मी चहाचा कप बॉनेटवर ठेवला आणि वर निघून आले. बाल्कनीचं दारही लावून घेतलं. तरी ऐकू येत होतं.

आता ब्रेकचा विषय निघालाय. गाडीची ताकद वाढली म्हणजे ब्रेक त्या तोलाचे हवेत, असं अभिजितचं म्हणणं. पुढचे बदलायचे की चारही, ते अजून ठरत नाही. श्रीरंग परवा म्हणाला, सांग ना त्यांना, ठरवा म्हणावं एकदाचं. मी म्हटलं, घाई काय आहे?